गच्चीवर गोल्फ: मॅट घेताना कोपर आधी बघा
इंदूरच्या घरांत सराव बहुधा गच्चीवरच होतो, म्हणून सांगतो: लादीवर पातळ मॅट टाकून आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब (गोल्फची काठी), मारू नका. क्लब चेंडूच्या मागे आपटला की मातीत शिरायला जागाच नसते. सगळा धक्का मनगटातून कोपरात जातो. मॅटच्या वरच्या नकली हिरवळीपेक्षा तिच्या खालचा थर बघा. अंगठ्याने जोरात दाबा, किंचित दबून लगेच वर यायला हवा. फार मऊ फोमही नको, त्यावर क्लब घसरतो आणि चुकलेला फटकाही बरा वाटतो. चेंडू ठेवून मारायची पट्टी सुटी, बदलता येणारी घ्या. आधी तीच झिजते. उभं राहायची मॅट तेवढ्याच उंचीची हवी, नाहीतर चेंडू पायांपेक्षा वर राहतो. सुरुवातीला वेजने (चेंडू उंच आणि जवळ मारायचा क्लब) 20-30 अर्धे फटके, म्हणजे क्लब अर्धाच मागे नेऊन मारलेले, पुरेत. कोपर दुखलं तर त्या दिवशी थांबाच.