आधी फ्रीजवरचा वजनाचा तक्ता काढा

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची, अकरावी सायन्सला आहे. दहावीला ८८ टक्के. तिला एनडीएला (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) पाठवायचं मी ठरवलं आहे. उंची १६३ सेंटीमीटर. वजन ५८ किलो होतं, पाच महिन्यांत ४७ वर आणलं. भात, तेल-तूप बंद. वजनाचा तक्ता फ्रीजवर लावला आहे. रोज पहाटे तळजाई टेकडीवर पळते, रविवारी सिंहगड. आता तीच इतकी शिस्तीची झाली आहे की स्वतःच्या वाढदिवसाचा केकही खाल्ला नाही. चार महिने पाळी आलेली नाही, ते अभ्यासाच्या ताणाने असावं. हल्ली नडगी दुखते म्हणते, पण सवय मोडू नये म्हणून पळणं चालू ठेवलंय. कॅल्शियमची गोळी रोज देतो. सदाशिव पेठेतला क्लास लावावा की ऑनलाइन?
– एक वडील, सिंहगड रस्ता

उत्तर : क्लासचं नंतर बघू. वजन, पाळी आणि नडगी या गोष्टी तुम्ही तीन वेगवेगळ्या वाक्यांत लिहिल्या आहेत. मला ती एकाच दुखण्याची तीन लक्षणं वाटतात. उद्यापासून पळणं बंद करा आणि याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. निदान ते करतील. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली असेल तर ती सुरुवातीला साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आला’ एवढ्यावर तिला पुन्हा टेकडीवर नेऊ नका. दुखणं किती दिवसांचं आहे, पाळी कधीपासून बंद आहे आणि वजन किती उतरलं, या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा.

१६३ सेंटीमीटर उंचीला ५८ किलो हे उत्तम वजन होतं. त्यातलं काहीही कमी करायची गरज नव्हती. तुम्ही एका निरोगी मुलीचं वजन ११ किलोंनी उतरवलंत आणि त्याचा तक्ता घरातल्या सगळ्यांना दिसेल असा लावलात. केक न खाणं तुम्ही कौतुकाने लिहिलं आहे, मला तिथे भीती वाटली. सोळा वर्षांची मुलगी स्वतःच्या वाढदिवसाला घासभर केक खायला घाबरत असेल, तर तिला शिस्त लागलेली नाही, तिने धसका घेतला आहे. हे असंच चालू राहिलं तर समुपदेशकाचीही मदत घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका.

चरबी म्हणजे अंगावरचं फालतू ओझं, हा समज बहुतेक घरांत आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार करतात. शरीरात पुरेसा साठा आहे, हे मेंदूला त्यावरून कळतं. चरबी फार उतरली आणि खाणंही तुटपुंजं असलं की मेंदू आधी पाळीचं चक्र थांबवतो. त्याबरोबर इस्ट्रोजेन घटतं. हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालणारं हेच संप्रेरक, त्यामुळे हाडाची झीज वाढते आणि नवं हाड पुरेसं भरत नाही. आणि हे कोणत्या वयात? मुलींच्या हाडांची जवळजवळ सगळी भरती अठरा-एकोणीस वर्षांपर्यंत होते, त्या वयात. या वयातली तूट पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. गोळीचं म्हणाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार या वयात दिवसाला १,०५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते मिळायलाच हवं, पण पोटभर जेवण आणि नियमित पाळी नसेल तर नुसती गोळी हाड भरू शकत नाही. चरबी जितकी जास्त तितकं हाड मजबूत, असंही नाही. पोटाच्या आत साठणारी जादा चरबी हाडांना मारक ठरते, आणि लठ्ठ मुलांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वही बऱ्याचदा कमी सापडतं. तुमच्या मुलीचा तो प्रश्न कधी नव्हताच.

आता एनडीए. खडकवासला तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. २०२२ मध्ये तिथे मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. म्हणजे वाट खरी आहे. पण लष्करी प्रशिक्षणात हाडांना चिरा जाणं ही जगभरची डोकेदुखी आहे आणि मुलींमध्ये तिचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. तिथे दिवसचे दिवस पळावं लागतं, पाठीवर वजन घेऊन चालावं लागतं. त्यासाठी लागणारं हाड आणि स्नायू ज्या वयात कमवायचे, त्याच वयात तुम्ही तिला उपाशी ठेवताय. वजन फार कमी असणंही वैद्यकीय तपासणीत आड येऊ शकतं.

परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, बारावीत असतानाही बसता येतं, आणि पदवीनंतर सीडीएसची, म्हणजे पदवीधरांसाठीच्या लष्करी अधिकारी भरती परीक्षेची, वाट आहेच. त्यामुळे हे वर्ष तब्येतीला दिलं तरी काही हातचं जात नाही. अकरावीचा अभ्यास नीट होऊ द्या. क्लास आत्ता नको, पेठेतलाही नको आणि ऑनलाइनही नको.

‘मी ठरवलं आहे’ असं तुम्ही लिहिलंत. तिला काय हवंय, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. तुमची तळमळ मला कळते, पण एसएसबीच्या, म्हणजे लष्कराच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीत पाच दिवस तिलाच उभं राहायचं आहे आणि तिथे घोकलेली उत्तरं चालत नाहीत.

आज तक्ता काढा. आजपासून घरात सगळ्यांसारखं जेवण तिच्याही ताटात येऊ दे : वरण-भात, तुपाची पोळी, नाचणीची भाकरी, दही, अंडं किंवा उसळ. वजनकाटा कपाटात ठेवा, वजन आता डॉक्टरांकडेच होऊ दे. पळणं पुन्हा कधी आणि किती सुरू करायचं, ते डॉक्टर सांगतील, पाळी सुरळीत झाल्यावर आणि नडगी दुखायची थांबल्यावर. मग तिला घेऊन माझ्याकडे या. पहिला अर्धा तास मी तिच्याशी एकटीशी बोलेन, तुम्ही बाहेर बसा.