लहान मुलांच्या घरी लॅब्राडोर आणताना

प्रश्न : आम्ही टिळकवाडीत राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघे, पाच वर्षांची मुलगी आणि पावणेदोन वर्षांचा मुलगा आहे. मुलीने वर्षभर हट्ट धरल्यामुळे लॅब्राडोर आणावयाचे ठरत आले आहे. कोल्हापूरच्या आणि हुबळीच्या अशा दोन विक्रेत्यांनी मोबाईलवर पिल्लांची छायाचित्रे पाठविली आहेत. एक जण ‘हेवी बोन’ म्हणजे जाड हाडांचे पिल्लू देतो म्हणतो, तर दुसऱ्याकडे चॉकलेटी रंगाचे आहे. नर घ्यावा की मादी, रंग कोणता घ्यावा आणि मुलांना सांभाळून घेणारे पिल्लू ओळखावे कसे?
— एक आई, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपण विचारलेल्या तीन गोष्टींपैकी रंग आणि नर-मादी यांना मी फारसे महत्त्व देणार नाही. काळा, पिवळा आणि चॉकलेटी हे तीनही रंग एकाच जातीचे आहेत आणि रंगावरून स्वभाव ठरत नाही. मात्र चॉकलेटी पिल्लासाठी कोणी जास्त पैसे मागत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चॉकलेटी लॅब्राडोरचे आयुर्मान इतर रंगांच्या लॅब्राडोरपेक्षा वर्षाहून अधिक कमी आढळले, आणि त्यांच्यात कानाचे व त्वचेचे विकारही जास्त दिसले. मादी घेतल्यास वर्षातून साधारण दोनदा येणारा माज सांभाळावा लागतो किंवा योग्य वयात तिचे निर्बीजीकरण करून घ्यावे लागते. नर-मादीत आपल्यासाठी एवढाच काय तो फरक. ‘हेवी बोन’, ‘डबल बोन’ हे शब्द विक्रेत्यांचे आहेत, पशुवैद्यकाच्या लेखी त्यांना काहीच अर्थ नाही. उलट ज्या जातीत खुब्याचा सांधा सैल राहण्याचा दोष मुळातच आढळतो, त्या जातीत जादा वजन हा गुण कसा म्हणावा?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. लॅब्राडोर लहान मुलांसाठी उत्तम, हे वाक्य प्रौढ आणि नीट वाढविलेल्या लॅब्राडोरबद्दल खरे आहे. पिल्लाबद्दल ते अर्धेच खरे आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर मच्छीमारांसोबत बर्फाळ पाण्यात उतरून निसटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर तोंडात धरून आणणाऱ्या कुत्र्यांपासून ही जात पुढे इंग्लंडमध्ये घडविली गेली. त्यामुळे प्रत्येक वस्तू तोंडात धरणे हा तिचा खोडकरपणा नसून ते तिच्या रक्तातच आहे. चौथ्या महिन्यापासून सातव्या महिन्यापर्यंत दुधाचे दात पडून पक्के दात येत असताना आपल्या मुलाचा हात, झबल्याची बाही आणि खेळण्यातली गाडी यांत पिल्लू फरक करणार नाही. सहा-सात महिन्यांचे झाले की त्याचे वजन वीस किलोंच्या पुढे जाते, आणि तोवर आपला मुलगा जेमतेम बारा-तेरा किलोंचा असेल. प्रेमाने घेतलेल्या एका झेपेत तो पडणार, आणि शेपटीचा फटका नेमका त्याच्या तोंडावर बसणार. हा उधळेपणा दीड-दोन वर्षांपर्यंत टिकतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की मुलगा तीन-साडेतीन वर्षांचा होईपर्यंत पिल्लू आणू नये, आणि तेवढे थांबणे शक्य नसेल तर दोन-तीन वर्षांचा, मुलांच्या घरात वाढलेला लॅब्राडोर शोधावा. आपले शहर छावणीचे आहे. बदली किंवा परदेशी नोकरी यांमुळे आपल्या कुत्र्यासाठी चांगले घर शोधणारी कुटुंबे इथे अधूनमधून भेटतात. पशुवैद्यकाकडे शब्द टाकून ठेवावा. असा कुत्रा मिळाल्यास दोन-तीन वेळा मुलांसह त्याच्या घरी जावे, आणि मूल रडू लागले, भांडे पडले किंवा कोणी त्याच्या ताटलीजवळून गेले तर तो काय करतो ते पाहावे. त्याचा स्वभाव तयार झालेला असल्यामुळे तो डोळ्यांना दिसतो. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या बाबतीत मात्र त्याचा निव्वळ अंदाजच बांधावा लागतो. टाळ्या वाजविणे, किल्ल्या खाली टाकणे, उताणे धरणे अशा ज्या परीक्षा सांगितल्या जातात, त्यांतून फार तर अतिभित्रे पिल्लू वगळता येते.

पिल्लूच घ्यावयाचे झाले, तर त्याच्याइतकेच त्याच्या आईकडे पाहावे. स्वभावाचा बराच भाग तिच्याकडून आणि पहिल्या दोन महिन्यांतील संगोपनातून येतो. पिल्ले घरात, माणसांच्या वावरात, मिक्सरच्या आवाजात वाढली आहेत की मागच्या शेडमधील पिंजऱ्यात, हे प्रत्यक्ष गेल्याशिवाय कळत नाही. आई दाखविण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून निघून यावे, मग तो कोल्हापूरचा असो वा हुबळीचा. ती पाहुण्यांवर थोडी गुरगुरली तर बिघडत नाही, पण मालकालाही पिल्लांजवळ येऊ देत नसेल किंवा कोपऱ्यात दबून बसत असेल तर ते चांगले लक्षण नाही. बसलेली उठताना ती मागचे पाय आखडते का, चालताना कंबर डोलते का, तेही पाहावे. आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का, असे जरूर विचारावे. बहुतेक ठिकाणी उत्तर नकारार्थी मिळेल, परंतु जो होकार देऊन ते दाखवील त्याला थोडे अधिक पैसे देण्यास हरकत नाही.

सासूबाईंचे मत आपण पत्रात लिहिलेले नाही. दिवसभर घरी त्याच असणार, म्हणून हा निर्णय सर्वांत आधी त्यांना विचारून घ्यावा. या जातीची भूक कधी भागत नाही. त्यामागे केवळ लाड नाहीत; पीओएमसी नावाच्या जनुकातील एका दोषाचा या भुकेशी संबंध असल्याचे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले, आणि तो दोष सुमारे एक-चतुर्थांश लॅब्राडोरांत असतो. अशा कुत्र्याच्या डोळ्यांकडे पाहून आजीच्या हातून पोळीचा तुकडा आणि सणासुदीला कुंदा या मिठाईचा घास सुटणे स्वाभाविक आहे, तरी तो सुटू नये याची व्यवस्था करावी. हात फिरविल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट तर मुळीच देऊ नये.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार करावा. जून ते सप्टेंबर या काळात त्याचे लोंबते कान आणि दाट दुपदरी केस वाळता वाळत नाहीत, कानात घाण साचून वास येऊ लागतो, आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. हा रोग माणसालाही होतो. त्याविरुद्धची लस दरवर्षी द्यावी, आणि पाऊस ओसरल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास गोचिडांकडे विशेष लक्ष ठेवावे. शक्य असल्यास पिल्लू दिवाळीचे फटाके संपल्यानंतर आणावे, म्हणजे बाहेर फिरविण्यास कोरडे दिवस मिळतात. गुळगुळीत फरशीवर वाढत्या पिल्लाचे पाय सारखे घसरू देऊ नयेत. त्याच्या वावरण्याच्या जागी गोणपाट किंवा रबरी चटई अंथरावी. कुत्रा कितीही गरीब असला तरी धाकट्या मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडू नये, पाठीवर बसवून छायाचित्र काढू नये, आणि कुत्रा जेवत किंवा झोपत असताना मुलांनी त्याला हात लावावयाचा नाही, हे आपल्या मुलीला पहिल्याच दिवशी शिकवावे. जंतांचे औषध वेळच्या वेळी द्यावे, कारण पिल्लांच्या पोटातील जंतांची अंडी मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात.

प्रश्न : निपाणीजवळच्या आमच्या गावी एक जण पाच आठवड्यांचे लॅब्राडोर पिल्लू आणून देतो म्हणतो. ‘लहान असतानाच आणले तर मुलांना लवकर लळा लागतो,’ असे त्याचे म्हणणे आहे. हे खरे आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : खरे नाही, आणि ते कायदेशीरही नाही. कुत्र्यांची पैदास व विक्री यांबाबतच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयास हवी. नियम केंद्राचे असल्यामुळे पिल्लू महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडचे आहे की पलीकडचे, याने काही फरक पडत नाही. त्या वयात पिल्लू भावंडांशी खेळताना ‘जोरात चावले की खेळ थांबतो’ हे शिकत असते. तो धडा चुकलेले पिल्लू मुलांचे हात अधिक जोराने चावते. शिवाय खोक्यात घालून बसने आणलेल्या, लस न टोचलेल्या पिल्लात पार्व्हो या विषाणूची लागण आधीच झालेली असली तर घरी आल्यावर आठवड्याभरात उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू होतात, आणि त्यातून वाचणे अवघड असते. त्या माणसाला पिल्लू आणखी तीन आठवडे आईजवळच ठेवण्यास सांगावे. पहिल्या लसीची नोंद असलेले कार्ड, त्यावर पशुवैद्यकाची सही आणि लसीच्या कुपीचे लेबल असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रेबीजची लस मात्र तीन महिन्यांची झाल्यावर आपल्यालाच टोचून घ्यावी लागेल, ती तारीख आताच लिहून ठेवावी.