६२५ जेनेरिक घेतली तर चालते का? आणि ताप उतरला की उरलेल्या गोळ्या ठेवाव्यात का?

वडिलांना डॉक्टरांनी ६२५ ही अँटिबायोटिक गोळी लिहून दिली आहे, जनऔषधी केंद्रात ती स्वस्त मिळते, तर चालेल का, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला तर उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेला ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यात लोकमान्यनगरला फार्मासिस्ट आहे, सोळा वर्षं काउंटरला उभी आहे.

जेनेरिक चालते. ६२५ म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. दोन्ही स्ट्रिप शेजारी धरून बारीक अक्षरं वाचा, तेच दिसेल. आपण जिला ‘ब्रँडेड’ म्हणतो तीही बहुतेक वेळा जेनेरिकच असते, पेटंट कधीच संपलेलं, कंपनीने फक्त नाव दिलेलं. फिटची, थायरॉइडची किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर मात्र डॉक्टरांना न विचारता कंपनी बदलू नका. आणि चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर आम्हाला आपल्या मनाने दुसरी कंपनी देता येत नाही, कायद्याने मनाई आहे. म्हणून औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला काळजी वाटली.

गेल्या पावसाळ्यात रात्री दुकान बंद करताना एक गृहस्थ आले. मोबाइलमध्ये जुन्या स्ट्रिपचा फोटो, सेफिक्झिम २००, हीसुद्धा अँटिबायोटिकच. ‘‘ह्याच द्या, चारच.’’ मुलीचं नाक गळत होतं, मागे ह्यानेच बरं वाटलं होतं म्हणे. फोटोतही स्ट्रिपवरची उभी लाल रेघ स्पष्ट दिसत होती. रेघ असली की चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सेफिक्झिम तर शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे ज्यांच्या विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशा औषधांच्या सरकारी यादीतलं. २०१४ पासून रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावं लागतं. मी नाही म्हटलं, ते रागावून पुढच्या मेडिकलकडे गेले. तिथे कदाचित मिळालीही असेल, त्याचंच वाईट वाटतं. साधी सर्दी विषाणूची, तिला ही गोळी काहीच करत नाही. पोटातले साधे जिवाणू तेवढे मरतात आणि औषधाला न जुमानणारे वाढतात. उद्या त्याच पोरीला लघवीचं इन्फेक्शन झालं तर हीच गोळी लागू पडेल याची खात्री नाही.

तुमच्या घरी उरलेली अर्धी स्ट्रिप अशीच कुणाच्या तरी सर्दीला काढली जाईल. शिवाय ६२५ला दमट हवा सोसत नाही, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नाहीच. ताप उतरला तरी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. कमी दिवस पुरणार असतील तर ते सांगतील. गोळी जेवायला बसतानाच द्या, पोट कमी बिघडतं. आणि पेनिसिलिनची ॲलर्जी कधी आली होती का, हे पहिल्या गोळीच्या आधी वडिलांना विचारा. अमॉक्सिसिलिन त्याच घरातलं आहे.