वजन कमी करायची सर्जरी केली म्हणून नातेवाईक "शॉर्टकट मारलास" म्हणतात, काय उत्तर द्यावं?

स्पष्टीकरण देत बसू नका, एकच वाक्य ठरवा आणि दरवेळी तेच बोला, "डॉक्टरांशी बोलून घेतलेला निर्णय आहे, मी बरी आहे, यावर अजून बोलायचं नाहीये", आणि लगेच विषय बदला. माझी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायची सर्जरी, होऊन चार वर्षं झाली, जितकी कारणं द्याल तितके फाटे फुटतात हे तेव्हापासून बघतेय, आधी "चालायला का नाही गेलीस", मग "आमच्या वहिनीने नुसतं कोमट पाणी पिऊन केलं". आणि शॉर्टकट तर हा अजिबात नाही हो! जठराचा साधारण ७५-८० टक्के भाग काढतात, सुरुवातीला नुसतं लिक्विडवर राहायचं, पुढे रोज ६० ग्रॅम तरी प्रोटीन पोटात जातंय ना ते बघायचं, बी-१२, आयर्न, कॅल्शियम कायमचं. हे सगळं ज्याला खरंच ऐकायचंय त्यालाच सांगा. पंगतीत अर्ध्या पोळीवर थांबलात की कुणीतरी जिलबी वाढायला येतंच, तेव्हा ताटावर हात आडवा धरायचा आणि "पोट भरलं, छान झालंय जेवण" एवढंच म्हणायचं.

फक्त घरातलं माणूस काळजीने विचारत असेल तर त्याला तोडू नका, एकदा फॉलोअपला सोबत न्या. आणि कुणी "केस गळतायत, सारखी उलटी होतेय तुला" म्हणालं तर टोमणा समजून सोडून देऊ नका, ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला.