बंद सांडपाणी प्रकल्पाचं कुलूप उघडण्याआधी

नागपूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नगर पंचायतीचा बंद प्रकल्प पुन्हा चालू करायचं काम तुझ्याकडे आलं, याचा मनापासून आनंद झाला. एकच विनंती: कुलूप उघडून थेट ब्लोअरकडे, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राकडे, जाऊ नकोस. आधी गावाचं पाणी जातं कुठे, ते शोध. लहान गावांतले प्रकल्प पुष्कळदा सांडपाणी पोचत नाही किंवा वीजबिल थकतं म्हणून थांबतात. यंत्रं गंजतात ती त्यानंतर.

20 हजारांची वस्ती, माणशी 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरलं, तर रोज साधारण 21-22 लाख लिटर व्हायला हवं. नाल्यात 90 अंशांच्या खाचेची पत्र्याची फळी, म्हणजे व्ही-नॉच, बसव. खाचेच्या टोकापासून पाणी 20 सेंमी वर असेल तर सेकंदाला सुमारे 25 लिटर वाहतंय, म्हणजे दिवसाला 21 लाख. उंची फळीपाशी मोजू नकोस, तिथे पाणी खाली ओढलं जातं. मीटरभर मागे मोज. उंची निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, जेमतेम सहावा हिस्सा उरतो. म्हणून पट्टी नीट वाच. दिवसरात्र दर तासाला नोंद घे. पहाटे 3 वाजताही पाणी फारसं उतरत नसेल, तर गडर लाइनमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीत, भूजल किंवा फुटलेल्या नळाचं पाणी शिरतंय. आणि एकूण आकडा फार कमी आला, तर घरंच लाइनला जोडलेली नाहीत.

त्याच आठवड्यात नदीचे नमुने घे. प्रकल्प चालू झाल्यावर आधीची स्थिती मोजता येणार नाही. एक नमुना नाल्याच्या वर, एक पाणी पुरतं मिसळल्यावर आणि एक काही किलोमीटर खाली. तिसरा टाळू नकोस, कारण ऑक्सिजन सर्वांत खाली जातो तो नाल्याच्या तोंडाशी नव्हे, पुढे. वेळ सूर्योदयाआधीची. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि घाण पाणीही चांगलं असल्याचा आकडा मिळतो. ऑक्सिजन तपासायला 300 मिलीची बाटली बुडबुडा न राहता भर, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड काठावरच घाल. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. बीओडीची, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजायची, बाटली वेगळी, 27 अंशांवर 3 दिवस. आंघोळीच्या पाण्याचा निकष लिटरला ऑक्सिजन किमान 5 आणि बीओडी कमाल 3 मिलिग्रॅम आहे. दगडही उलटून बघ: करडे, कापसासारखे लोंबते धागे आणि चिखलात लाल अळ्या दिसल्या, तर सांडपाणी रोजचं आहे. कन्हान नदीचं पाणी पुढे वैनगंगेतून गोसीखुर्द धरणात जातं, हे गावच्या सभेत सांगायला विसरू नकोस.

आता प्रकल्प. साचलेल्या वेट वेलमध्ये, म्हणजे पंपाआधी सांडपाणी जमतं त्या विहिरीत, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं नाही. गॅस डिटेक्टर, पंख्याने हवा, माणूस वर ओढायची तिपाई (ट्रायपॉड) आणि अंगाला बांधायचा पट्टा (हार्नेस) नसेल तर कोणालाही उतरवू नकोस. आत कोणी कोसळला, तरी मागून दुसऱ्याने उडी मारायची नाही. यात तडजोड नको, कोणी कितीही घाई करो.

वायुवीजन टाकी, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात ती, ‘साफ करायला’ म्हणून पूर्ण रिकामी करून ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. मेअखेरच्या नवतपाच्या उन्हात डिफ्यूझरचं, म्हणजे तळाशी हवेचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या भागाचं, रबर कडक होऊन तडकतं, आणि पावसाळ्यात भूजल वर आलं की रिकामी टाकी उचलली जाऊन तळ फुटू शकतो. डिफ्यूझरवर मीटरभर पाणी राहू दे. मोटारींना 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे वेष्टणाचा रोध मोजायचं यंत्र, लाव. 1 मेगाओहमपेक्षा कमी दाखवलं तर आधी वाळवायची, मग सुरू करायची. वीज जोडल्यावर फिरण्याची दिशा तपास. फेज उलटी लागली तर पंप फिरतो, आवाजही करतो, पण पाणी नीट चढवत नाही.

घाण खाणारे जिवाणू आपोआप यायची वाट बघत बसू नकोस. चालू प्रकल्पातला ताजा गाळ टँकरने आण, टाकीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका. सुरुवातीला थोडंच सांडपाणी घे, ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास ठेव आणि बसलेला गाळ परत टाकीत आण. पहिले काही आठवडे बाहेर काढू नकोस. पांढरा फेस येईल, घाबरू नकोस, गाळ कोवळा आहे. पाणी काळं पडून सडक्या अंड्यांचा वास आला, तर हवा कमी पडतेय. रोज लिटरच्या नळकांड्यात अर्धा तास गाळ बसू दे. 250 मिली बसला आणि लिटरला 2500 मिलिग्रॅम घनपदार्थ असतील, तर उत्तम. तेवढ्याच घनपदार्थांना 400 मिली दाखवला तर गाळ फुगलाय, तो निवळणटाकीतून बाहेर वाहून नदीत जाईल.

व्ही-नॉचचे पूर्ण दिवसाचे आकडे आणि टाकीची लांबी-रुंदी-खोली पाठव. टँकर किती लागतील, त्यावरून ठरवू.