पॉइंटांवर वाळवंटातल्या रिसॉर्टमध्ये राहणं खरंच फुकट पडतं का?

तुमचा प्रश्न असा: कार्डावर बरेच पॉइंट साठलेत, ते वापरून घरच्यांना घेऊन जैसलमेरला, नाहीतर थेट दुबईच्या वाळवंटातल्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहायचं आहे, आपल्या यवतमाळकडच्या खेड्यातून एवढं लांब जाऊन ते फुकट पडतं का?

खोली फुकट पडते. बाकी काहीच नाही. आणि वाळवंटात हे ‘बाकी’च खोलीपेक्षा जड जातं, कारण तिथे हॉटेलच्या फाटकाबाहेर चहाची टपरीसुद्धा नसते.

माझं दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र आहे, त्यामुळे पॉइंटांचा खेळ मला कार्ड घ्यायच्या आधीपासून ठाऊक आहे. बियाणं कंपनीची स्कीम येते: इतक्या पाकिटांना इतके पॉइंट, टार्गेट झालं तर थायलंड, नाही झालं तर मिक्सर. हंगामाच्या तोंडावर एक पत्रक, हंगाम संपता संपता दुसरं. हॉटेलचे पॉइंट अगदी तसेच आहेत. छापतात ते, भावही ठरवतात तेच. मॅरियट या हॉटेलांच्या साखळीने २०२२ मध्ये कोणत्या हॉटेलला किती पॉइंट याचा आपला ठरलेला तक्ताच काढून टाकला. तेव्हापासून त्याच खोलीला आज एक आकडा दिसतो आणि लग्नसराईत दुसरा. शिवाय सलग २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट बाद होतात. म्हणून ‘साठवून ठेवू, पोरीच्या लग्नानंतर निवांत जाऊ’ हा विचार सोन्याच्या बाबतीत ठीक आहे, इथे नाही.

आता हिशेब. ज्या तारखेला जायचं त्याच तारखेचा रोखीचा दर काढा, करासकट. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरायला विसरू नका, कारण पॉइंटवर घेतलेल्या रात्रीला सहसा ना भाडं लागतं ना त्यावरचा कर. मग त्या रकमेला मागितलेल्या पॉइंटांनी भागा. समजा खोली सगळं मिळून १४,००० रुपयांना आहे आणि पॉइंट २०,००० मागतायत, तर एका पॉइंटचे ७० पैसे आले. मी ५० पैशांच्या खाली पॉइंट सोडत नाही, सरळ पैसे भरतो. ताजवाल्यांच्या कंपनीकडे हा घोळच नाही. जैसलमेरचं गोरबंध पॅलेस त्यांचंच आहे. त्यांच्याकडे न्यूकॉइन, म्हणजे टाटाचे पॉइंट, चालतात आणि एक कॉइन म्हणजे एक रुपया. त्यात लॉटरी लागत नाही, पण फसगतही होत नाही.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात रोज कोणी ना कोणी विचारतं. ‘भाऊ, बियाणं-औषध कार्डावर घेतो, पॉइंट तरी मिळतील.’ (खताच्या पॉस मशीनवर अंगठा लागतो, कार्ड नाही, ती मशीन वेगळी. हेही दर जूनमध्ये समजावून सांगावं लागतं.) मॅरियटचं एचडीएफसीसोबतचं कार्ड २०२३ मध्ये आलं, तेव्हा साध्या खर्चावर १५० रुपयांना २ पॉइंट होते. म्हणजे लाख रुपयांच्या खरेदीवर तेराशे-साडेतेराशे पॉइंट. ७० पैशांनी धरले तरी हजार रुपयेसुद्धा होत नाहीत. आता तुम्ही जूनमध्ये खरेदी केली, बिनव्याजी मुदत जास्तीत जास्त पन्नास दिवसांची, ती ऑगस्टमध्ये संपली. तेव्हा पऱ्हाटी जेमतेम पात्या-फुलांवर असते, कापूस घरात यायला दिवाळी उजाडते. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. एका महिन्यात साडेतीन हजार गेले, पॉइंट नऊशे रुपयांचे. याउलट तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शून्य टक्क्यांनी पडतं. शेतीचा खर्च तिथूनच करा. कार्डावर फक्त तोच खर्च टाका ज्याचे पैसे खात्यात आधीच पडलेले आहेत: पोरांच्या क्लासची फी, विमा, नागपूरचा दवाखाना. पेट्रोल-डिझेलवर बहुतेक कार्डं पॉइंट देतच नाहीत, त्यामुळे ट्रॅक्टरच्या जोरावर कोणी वाळवंटात पोचत नाही.

तुमचे पॉइंट बँकेचे आहेत की हॉटेलचे, हे प्रश्नातून कळलं नाही. बँकेचे असतील तर ते हॉटेलच्या खात्यात वळवावे लागतील, आणि एकदा वळवले की परत येत नाहीत. आधी तुमच्या तारखांना पॉइंटवरची खोली खरंच दिसते का ते ॲपवर पाहा, मगच वळवा. वळवताना दोन्हीकडचं नाव जुळावं लागतं. आपल्याकडे आधारवर आडनाव आधी, बँकेत वडिलांचं नाव मध्ये, कार्डावर नुसती अक्षरं, अशी तीन-तीन रूपं असतात. ते आधी सारखं करून घ्या.

मग प्रश्न येतो कधी जायचं. आपल्याला सवड असते चणा-गहू निघाल्यावर, म्हणजे मार्चअखेर ते मे. नेमकी त्याच वेळी वाळवंटातली हॉटेलं रिकामी असतात आणि पॉइंट कमी लागतात. ॲपवर आकडा पाहून हात शिवशिवतात. पण जैसलमेरच्या रेल्वेमार्गावरच्या फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ अंश नोंदले गेले, देशातला तो विक्रम आहे. ४५ अंशांतून निघून ५१ अंशांत जायचं आणि दिवसभर एसी लावून खोलीत बसायचं, तर तो एसी घरीच लावा. खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा आपल्याकडे वेचणी, मग तूर, मजुरांची ओढाताण. मला त्यातल्या त्यात सोयीचा वाटला तो फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. माघी पौर्णिमेला जैसलमेरचा मरू महोत्सव असतो, तेव्हा भाव चढतात. तो उरकला की उतरतात. उन्हाला अजून धार आलेली नसते, पण रात्री थंडी वाजते, स्वेटर न्या.

जैसलमेरबद्दल आणखी एक. फोटोत दिसतात त्या वाळूच्या टेकड्या गावात नाहीत. सम गावाच्या टेकड्या शहरापासून चाळीसेक किलोमीटर, खुरीच्याही साधारण तेवढ्याच, दुसऱ्या दिशेला. पॉइंट चालतात ती साखळीवाली हॉटेलं बहुतेक शहराच्या कडेला, समच्या रस्त्याला लागून आहेत. खिडकीतून वाळू दिसेल म्हणून जाल तर बाग आणि पोहण्याचा तलाव दिसेल. माझ्या मते हा तोटा नाही, फायदाच आहे. रिक्षाने किल्ल्यापाशी जाता येतं, तिथे माणसासारख्या भावात जेवता येतं आणि संध्याकाळी जीप करून समला जाऊन येता येतं. टेकड्यांमधल्या तंबूत राहायचंच असेल तर ते रोख पैशांनी घ्या, त्यात बहुतेक ठिकाणी रात्रीचं जेवण आणि नाचगाणं धरलेलं असतं.

जेवण गावातच करा हे एवढं ठासून सांगतोय ते आईमुळे. आम्ही जैसलमेरला गेलो तेव्हा पहिल्या रात्री प्रवासाने दमलो होतो, म्हणून रिसॉर्टमध्येच जेवायला बसलो. पितळेच्या ताटलीत चार बाट्या आल्या, प्रत्येकीला वरून चीर देऊन तूप सोडलेलं, शेजारी वाटीत डाळ आणि एका खोलगट वाटीत केर-सांगरीची भाजी. आईने एक बाटी फोडली, नाकाशी धरली. ‘हे तं आपले रोडगेच हायेत. गोवऱ्याचा वास तेवढा नाही.’ सांगरी मात्र तिने निवडून निवडून खाल्ली. आपण दसऱ्याला पुजतो त्या शमीच्याच वाळवलेल्या शेंगा आहेत म्हटल्यावर तिने वेटरला परत बोलावून आणखी मागितली. मग बिल आलं. अशा महागड्या हॉटेलात जेवणावरही १८ टक्के जीएसटी असतो, साध्या हॉटेलसारखा ५ नाही. आईने चष्मा लावून खालचा आकडा वाचला आणि म्हणाली, ‘काऊन रे बाप्पा, एवढ्यात तं मारोतीले रोडग्याचा सैपाक झाला असता!’ दुसऱ्या दिवसापासून आम्ही गावात जेवलो.

नाश्त्याचंही तेच. पॉइंटवरच्या खोलीत तो धरलेला नसतो. वरच्या दर्जाच्या सभासदांना मिळतो, आपल्यासारख्याला पैसे मोजावे लागतात. खोली दोघांची असते, तिसऱ्या माणसाच्या गादीचे वेगळे. हे बुकिंगआधी हॉटेलला फोन करून विचारा आणि मेलवर लेखी मागा.

दुबईबद्दल. तिथलं ‘अल महा’ मॅरियटच्याच साखळीत आहे, २२५ चौरस किलोमीटरच्या राखीव वाळवंटात, आजूबाजूला ओरिक्स हरणं फिरतात, प्रत्येक खोलीला स्वतःचा छोटा तलाव. जैसलमेरच्या कितीतरी पट पॉइंट लागतात, पण तिथे मघाचा हिशेब उलटा होतो: पॉइंटवर राहिलं तरी दोघांची तिन्ही वेळची जेवणं आणि रोजचे दोन उपक्रम, म्हणजे उंटसवारी, जीप, बहिरी ससाण्याचे खेळ असलं काही, त्यातच येतं. दारू वेगळी. शिवाय मोठ्या हॉटेलांत रात्रीला खोलीमागे २० दिरहम पर्यटन शुल्क भरावं लागतं. जेवण आत असल्यामुळे पॉइंटला तिथे खरी किंमत येते. पण व्हिसा, विमान आणि वाळवंटापर्यंतची टॅक्सी धरली की दोन रात्रींसाठी मुद्दाम तेवढं करावं असं मला वाटत नाही. कंपनीच्या टूरवर दुबई होणारच असेल तर शेवटच्या दिवसाला जोडून एक रात्र बघा.

तुमच्याजागी मी असतो तर जैसलमेर, दोन रात्री, फेब्रुवारीअखेर. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर एका रात्रीचे पॉइंट माफ होतात म्हणून पाच राहू नका, तिसऱ्या दिवशी आपल्या माणसाला शेत आठवायला लागतं. हॉटेल आधी धरा, कारण पॉइंटवरचं बुकिंग मुदतीच्या आत रद्द केलं तर पॉइंट परत येतात. ती मुदत तेवढी वाचून ठेवा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. धामणगाव किंवा बडनेऱ्याहून अहमदाबाद आणि तिथून पुढे, हा रस्ता आम्हाला सोपा गेला. दिल्लीवरूनही गाडी आहे. तिकीट पक्कं झालं नाही तर हॉटेल सोडून द्या. आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ आधार कार्ड जवळ ठेवा, पॅन कार्डावर पुष्कळ हॉटेलं खोली देत नाहीत.