टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचा त्रास होतोय, जेलवर जाऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, दर तीन आठवड्यांनी सस्टॅनॉन २५० हे टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. पहिला आठवडा चिडचिड आणि पाठीवर पुरळ, तिसऱ्या आठवड्यात गळून गेल्यासारखं होतं. हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा टक्का) ५३ आलंय. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय. जेलवर गेलं की हे सगळं थांबेल का?

सगळं नाही थांबणार. मी डॉक्टर नाही. पिट्युटरीच्या (मेंदूखालच्या हार्मोन-ग्रंथीच्या) गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून हे औषध घेतोय आणि साधं इंजेक्शन, जेल, लांब मुदतीचं इंजेक्शन असं तिन्ही घेऊन झालंय. काही त्रास औषध शरीरात ज्या रस्त्याने जातं त्याचे असतात, काही टेस्टोस्टेरॉनचेच असतात. रस्ता बदलला की पहिले कमी होतात. दुसरे बरोबर येतात.

मुलाबद्दल तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय, पण सुरुवात तिथूनच करा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळायला लागलं की पिट्युटरी एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स, सोडणं आवरतं घेते. मग शुक्राणू घटतात, कधी शून्यावरही येतात. जेलनेही हे होतं. औषध थांबवल्यावर संख्या परत यायला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. म्हणून पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि वीर्यतपासणी करून घ्या. दोष पिट्युटरीत असेल तर एचसीजीची (एलएचसारखं काम करणाऱ्या हार्मोनची) इंजेक्शनं, गरज पडली तर जोडीला एफएसएच, देऊन वृषणांकडूनच काम करून घेता येतं. दोष वृषणांतच असेल तर याचा फारसा उपयोग होत नाही, मग वंध्यत्वतज्ज्ञांकडे जावं लागतं. मनानेच औषध बंद मात्र करू नका.

आधी चिडचिड आणि मग गळून जाणं, हा पातळीच्या चढउताराचा त्रास रस्त्याचा. सस्टॅनॉनमध्ये टेस्टोस्टेरॉनची चार रूपं (एस्टर) असतात, काही लवकर सुटतात, काही सावकाश. तरीही तीन आठवड्यांचं अंतर अनेकांना झेपत नाही, मलाही झेपलं नव्हतं. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे डोस लहान आणि अंतर कमी. तो डॉक्टरांनी ठरवायचा. उरलेली अर्धी अँप्युल फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात टोचण्याचा सल्ला जिममध्ये मिळेल, तो ऐकू नका. उघडलेली अँप्युल निर्जंतुक राहत नाही. आणखी एक, या इंजेक्शनात शेंगदाण्याचं तेल असतं. दाण्याची ॲलर्जी असेल तर हे चालणारच नाही.

हिमॅटोक्रिट ५३ म्हणजे रक्त दाट व्हायला लागलंय. ५४ च्या वर गेलं की औषध थांबवून, आकडा खाली आल्यावर कमी डोसने पुन्हा सुरू करायचं, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. कमी मुदतीच्या इंजेक्शनांत हे जास्त दिसतं, त्यामुळे इथे जेलचा फायदा होऊ शकतो. पण आधी नीट पाणी पिऊन तपासणी पुन्हा करून घ्या. सिगारेट ओढत असाल तर तेही सांगा. आणि बायकोला विचारा, तुम्ही घोरता का, झोपेत मध्येच श्वास थांबतो का. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा हा आजार, असेल तर त्यानेच रक्त दाट होतं, आणि टेस्टोस्टेरॉनने ॲप्निया वाढूही शकतो. ‘रक्तदान केलं की झालं’ हा सल्लाही तुम्हाला मिळेल. त्याने आकडा काही दिवस खाली येतो, कारण तिथेच राहतं, आणि वारंवार केलं तर अंगातलं लोह कमी होतं.

आता जेल. पातळी बरीच स्थिर राहते, सुई नाही. पण तुमच्या घरात लहान मुलगी आहे, आणि माझ्या मते हाच तुमच्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा. कातडीवरचं जेल दुसऱ्याच्या अंगाला लागतं. लहान मुलांमध्ये त्यामुळे वेळेआधी जांघेत केस येणं, जननेंद्रिय वाढणं, हाडांचं वय पुढे जाणं असे प्रकार घडलेत, म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २००९ मध्ये जेलच्या वेष्टनावर ठळक इशारा टाकायला लावला. सकाळी अंघोळ करून, अंग कोरडं करून खांद्यावर आणि दंडावर लावायचं, साबणाने हात धुवायचे, वाळलं की बाह्यांचा बनियन घालायचा. एक टक्क्याच्या जेलला पुढचे पाच-सहा तास पाणी लागू द्यायचं नाही. मुलीला उघड्या अंगाने कडेवर घ्यायचं असेल तर ती जागा आधी धुवून घ्यायची. पुढे बायकोला दिवस गेले तर तिनेही त्या जागेला हात लावता कामा नये. मे महिन्यात घामाने निथळत बाह्यांचा बनियन घालून बसणं काय असतं ते मी सांगायला नको. हे रोज पाळणं जमणार नसेल तर जेल नकोच.

तिसरा पर्याय टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचं १००० मिलिग्रॅमचं लांब मुदतीचं इंजेक्शन. दुसरं सहा आठवड्यांनी, मग साधारण १० ते १४ आठवड्यांनी एक. चढउतार कमी. चार मिली तेल कुल्ल्यात जातं, ते अगदी सावकाश द्यावं लागतं. तेलाचे थेंब रक्तातून फुप्फुसात गेले तर लगेच खोकल्याची उबळ येते, दम लागतो, म्हणून नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. अडचण एकच, पण मोठी: त्रास झाला तर दिलेलं औषध परत काढता येत नाही. तुमचं हिमॅटोक्रिट आणि मुलाचा विचार पाहता आत्ता मी तरी याच्या वाटेला गेलो नसतो.

पुरळ डोस स्थिर झाल्यावर बहुधा कमी होतं. स्तनाग्रं दुखली तर ॲनास्ट्रोझोल (इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी) स्वतःहून घेऊ नका. पुरुषालाही हाडांसाठी थोडं इस्ट्रोजेन लागतंच.

रक्त कधी देता यावर रिपोर्टचा अर्थ ठरतो. जेल असेल तर लावल्यावर दोन ते आठ तासांत, अनडेकॅनोएट असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी. आत्ताच्या रिपोर्टवर इंजेक्शनची तारीख लिहून ठेवा.

हृदयाची भीती तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स चाचणीत हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले पाच हजारांवर पुरुष होते. जेल लावणाऱ्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं नाही. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी होणं थोडं जास्त दिसलं. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत धडधड थांबेना, तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.